गाय गाभडली आणि ताप मला आला

"तुमच्या गोठ्यात एवढ्यात गाई गाभडल्या का?"

मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या मॅडमनी हे विचारलं तेव्हा मला वाटलं, त्या दुसऱ्याच कुणाशी बोलतायत. मी मागं वळून बघितलं. मागं नुसती भिंत होती. मला महिनोन्‌महिने ताप येतोय, कंबर धरलीय, आणि ह्या बाई गाईंची चौकशी करतायत.

मी म्हणालो, "हो मॅडम. गाभडल्या. एकीमागून एक."

"वार कुणी काढली? हातमोजे होते?"

"मीच काढली. हातमोजे कुठले मॅडम, अशीच, हातानं."

"आणि दूध कसं पितोस?"

"धारोष्ण. धार काढली की तिथंच, बादलीतून."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला म्हणाल्या, "ह्याचं ब्रुसेलासाठी रक्त पाठव. आणि लॅबला सांग, कल्चर लवकर टाकून देऊ नका. हा जंतू सावकाश वाढतो."

रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी मला नाव सांगितलं. ब्रुसेलोसिस. मला ते दोनदा म्हणून बघावं लागलं. मग त्यांनी सोपं करून सांगितलं. हा जनावरांचा रोग. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कुणालाही होतो. ह्या रोगानं गाय गाभडते, म्हणजे दिवस भरायच्या आत वासरू टाकते. त्या वासरात, त्याच्यामागून पडणाऱ्या वारेत, गाईच्या दुधात जंतू असतात. उघड्या हातानं वार काढली, कच्चं दूध प्यालं, की ते माणसात येतात. मग ताप येतो, उतरतो, परत येतो. सांधे धरतात, कंबर धरते. औषधं आहेत. माणूस बरा होतो. फक्त ओळखावं लागतं.

फक्त ओळखावं लागतं! हे ऐकून मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला पण. पण त्याच्याआधी राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. माझ्या आजाराचं कुलूप एका प्रश्नानं उघडलं, आणि तो प्रश्न तोवर एकाही डॉक्टरनं विचारला नव्हता. म्हणून हे लिहितोय. तुमच्या घरात असा ताप आला, तर तुमचे दिवस माझ्यासारखे जाऊ नयेत.

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. धानाचा मुलूख. नववीत शाळा सोडली आणि हार्वेस्टरवर हेल्पर म्हणून फिरत फिरत बीड जिल्ह्यात आलो. नांदूरघाटच्या पलीकडे, आत, एक गाव आहे. नाव सांगत नाही. बदनामी करायची नाही, आणि खरं तर ते कुठलंही गाव असू शकतं. इथली कितीतरी माणसं दिवाळी झाली की ऊस तोडायला दूर जातात. त्यांच्या रिकाम्या जागी आमच्यासारखे दुरून येतात. आण्णांना गोठ्यावर माणूस पाहिजे होता. मी राहिलो.

इथं 'का' ला 'कावून' म्हणतात. आमच्याकडेही 'काऊन' म्हणतात. बाकीची बोली मला आधी समजायची नाही, पण हा एक शब्द ऐकला की घरच्यासारखं वाटायचं.

माणसं चांगली होती, हे आधी सांगतो. आण्णा, त्यांची बायको म्हणजे आमच्या काकू, मुलगा गणेश, आणि गणेशची बायको मनीषावहिनी. मला ओसरीवर बसवून जेवायला वाढायचे. शिळं कधी दिलं नाही. सकाळी धार काढून झाली की काकू स्वतः पितळी पेला पुढं करायच्या. "पी रं रूपचंद. परमुलखातलं लेकरू तू. अंगात ताकत नको का?"

दूध कोमट असायचं, वर फेस. माझी आई आठवायची. मी एका दमात प्यायचो. मला आजारी पाडलं ते ह्या मायेच्या पेल्यानं. आता राग कुणावर काढू?

पहिली गाभडली ती चांदी. होस्टन गाय, गोठ्यातली सगळ्यात दुधाळ. सातवा महिना होता. सकाळी गेलो तर मागं वासरू पडलेलं, अंगावर नीट केसही आले नव्हते. वार अडकली होती. मी हात घालून काढली. खोटं कशाला सांगू, त्यात वाईट वाटण्यासारखं मला काही दिसलं नाही. गोठ्यात काम करायचं तर हे करावंच लागतं.

आमच्याकडे वार पुरतात. मी फावडं उचललं तसे आण्णा हसले. "पुरतोस कावून? वार पुरली तर दूध मातीत जातं बे. वडाला बांध. वडाला चीक असतो न्हवं? तसं गाईला दूध उतरतं."

मग मी वार पोत्याच्या तुकड्यात बांधली आणि ओढ्याकाठच्या वडाला टांगली. गावातल्या सगळ्या गोठ्यांची गाठोडी त्याच वडाला असतात. गाभडलेल्या गाईचं दूध आटतं, म्हणून तिची वार तर जास्तच आठवणीनं टांगायची. कावळे गाठोडी फाडतात. खाली पडलं की कुत्री ओढून गावभर नेतात. पाऊस आला की सगळं ठिबकत खालच्या डोहात. त्याच डोहावर गावची जनावरं पाणी पितात. मेंढरांचे कळप मुक्कामाला येतात. पोरं पोहतात. मी पण पोहलोय.

चांदीनंतर दुसरी गाभडली. त्याच दिवसांत मनीषावहिनींचं पोट रिकामं झालं. पहिलंच बाळ होतं, पाचव्या महिन्यात गेलं.

गावातल्या बाया म्हणाल्या, सुनेचा पायगुण वाईट. ती घरात आली आणि गोठ्याला दृष्ट लागली. काकू चांगल्या बाई, पण त्यांनाही ते पटलं. वहिनींना सांगितलं, गाभण गाईकडं फिरकायचं न्हाई, तुझी सावली पडू द्यायची न्हाई. वहिनी गोठ्याच्या दारातून वळून जायच्या. मी शेण काढत असलो की लांबूनच पाटी ठेवून परतायच्या.

आणि परत दिवस गेले तेव्हा त्याच काकूंनी वहिनींना धारोष्ण दूध चालू केलं. पोटुशी बाईनं कच्चं दूध प्यालं की लेकरू गोरं होतं म्हणे. बघा म्हणजे. तिच्या सावलीपासून गाईला जपलं. गाईच्या दुधापासून तिला जपायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

दुसरीनंतर आण्णांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं होतं. त्यांनी गाईंचं रक्त नेलं. नंतर फटफटीवरूनच, खाली न उतरता आण्णांना सांगून गेले, "सांसर्गिक गर्भपात हाय. कालवडींना लस टोचून घ्या." मी तिथंच वैरण टाकत होतो. आण्णांनी मान डोलावली. ते गेल्यावर मला म्हणाले, "कायतरी संसर्गाचं हाय म्हणं." मी विचारलं, "आपल्याला काही करायचंय का?" आण्णा म्हणाले, "आपल्याला काय? गाईला हाय."

मग तिसरी गाभडली. तिचीही वार मीच काढली, मीच टांगली.

मला ताप सुरू झाला तो संध्याकाळचा. दिवसा बरं वाटायचं. ऊन उतरलं की हाडात थंडी शिरायची. मग एवढा घाम की गोधडी पिळावी लागायची, आणि त्या घामाला ओल्या सडक्या कडब्याचा वास. मला वाटायचं गोठ्याचा वास अंगाला लागलाय. साबणानं घासून आंघोळ करायचो. वास अंगातूनच येत होता.

गावच्या सरकारी आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे. गोळ्या दिल्या. ताप गेला, परत आला. मग बाजारच्या गावी खाजगी डॉक्टर. त्यांनी विडाल नावाची तपासणी केली, म्हणजे टायफॉइडची, आणि सांगितलं टायफॉइड. सलाइन लावलं. ताप गेला, परत आला. दुसऱ्या खाजगी डॉक्टरांनीही टायफॉइडच सांगितलं. तिसऱ्यांनी कंबर दाबून बघितली आणि म्हणाले, मणक्याचा टीबी वाटतो.

सगळ्यांनी विचारलं, दारू पितोस का? तंबाखू खातोस का? बाहेरचं खाल्लंस का? कामधंदा काय, हे एकानं विचारलं. मी म्हणालो, गोठ्यावर असतो. त्यांनी लिहिलं, मजूर. झालं. माझ्या अंगाला शेणाचा वास येत होता, हो. तरी एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा रे, तुझी जनावरं बरी आहेत का? 'कावून' हा शब्द ह्या मुलखात लेकरू बोलायला लागल्यापासून म्हणतं. माझ्या तापाला मात्र कुणी कावून म्हणून विचारलं नाही.

मी अशक्त होत गेलो तसं काकूंनी एका पेल्याचे दोन केले.

कंबर इतकी धरली की शेणाची पाटी उचलेना. तेव्हा गणेशनं मला फटफटीवर मागं बसवून मोठ्या सरकारी दवाखान्यात आणून टाकलं. 'टाकलं' म्हणतो खरा, पण तो संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ बसून होता, हेही लिहिलं पाहिजे.

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर इस्माईलचाचा होते. सिरसाळ्याचे, हातगाड्यावर केळी-पेरू विकायचे. साखरेच्या आजारानं पायाला जखम झाली होती. दिवसभर बोलायचे. माझ्याजवळ कुणी नाही बघून त्यांच्या बायकोनं माझ्यासाठी भाकरी आणायला सुरुवात केली. विचारलंसुद्धा नाही.

मला एक त्रास असा होता जो मी कुणाला सांगितला नव्हता. एका बाजूचा अंडकोष सुजून दुखत होता. डॉक्टर बाई असल्यामुळं तर तोंडच उघडेना. मी कूस बदलताना कण्हायचो. चाचांनी एकदा दटावून काढून घेतलं. दुसऱ्या सकाळी मॅडम राउंडला आल्या आणि मी म्हणालो, बरा आहे. चाचा अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडले, "झूट बोलतोय मॅडम! खाली सुजलंय त्याचं! डॉक्टरपुढं लाजतोस तर दवाखान्यात आलास कावून बे? लगीन लावायला?"

वॉर्ड हसला. मी भिंतीकडं तोंड केलं. पण मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हे महत्त्वाचं आहे. आणि मग त्यांनी स्टूल ओढलं, माझ्याजवळ बसल्या, आणि तो गाईंचा प्रश्न विचारला. चाचांचे उपकार मी विसरणार नाही. तुम्हालाही सांगतो, गड्यांनो, असं काही असलं तर सांगून टाका. लाज धरली तर आजार अंगात मुरतो.

रोगाचं नाव कळल्यावर चाचा म्हणाले, "दूध पिऊन बीमार पडला? आमी जिंदगीभर काळा चहा प्यालो, बघ कसे ठणठणीत." आणि आपल्या बँडेज बांधलेल्या पायाकडं बघून स्वतःच हसायला लागले.

रिपोर्ट सांगून झाला तरी मॅडम उठल्या नव्हत्या. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. "ते दूध घरात अजून कोण पितं?"

मी नावं सांगितली. वहिनींच्या नावाशी आलो आणि धडपडत उठून बसलो.

"काय झालं?"

"मॅडम, वहिनींना दिवस गेलेत. चौथा महिना. मागचं एक गेलंय. गाई गाभडत होत्या तेव्हाच."

मॅडमचा चेहरा बदलला. म्हणाल्या, "आजच फोन कर. दूध उकळल्याशिवाय घरात कुणी थेंबही पिऊ नका म्हणावं. आणि तिला उद्या इथं घेऊन यायला सांग. ह्या रोगानं बाईचंही पोट पडू शकतं. वेळेत औषध दिलं तर बाळ वाचवता येतं."

मी आण्णांना फोन लावला. आधी त्यांनी माझी तब्येत विचारली, आनंदानं. मग मी सांगितलं आणि आवाज उतरला.

"गाईच्या दुधानं कुणाला रोग झालाय बे? माझ्या बापानं, आज्यानं असंच दूध पिलं."

"आण्णा, मॅडम म्हणतायत..."

"मॅडमला काय जातं म्हणायला? गावात बोभाटा झाला तर आपलं दूध कोण घेईल? तू बरा हो अन् ये. पोरीच्या डोक्यात काय बी भरू नको." फोन ठेवला.

मला त्यांचाही राग आला. पण आता वाटतं, माणसाला कधी कुणी नीट सांगितलंच नाही, तर तो आपल्या बापाज्याचंच ऐकणार. ज्याचं सांगायचं काम होतं, तो फटफटीवरून उतरला नव्हता.

घरातल्या सुनेशी फोनवर असलं बोलणं मला जमणार नाही असं वाटत होतं. मी बाहेरगावचा गडीमाणूस. काय म्हणतील? फोन हातात धरून बसलो. चाचा म्हणाले, "लाव. शरम नंतर कर." मी काकूंच्या फोनवर लावला. नशिबानं वहिनींनीच उचलला.

"वहिनी, कच्चं दूध पिऊ नका." मी एवढंच धडाधड बोलून गेलो. मग कसंबसं बाकीचं सांगितलं. गाईला जो रोग आहे तोच मला झालाय. तुम्हालाही असू शकतो. पोटातल्या बाळाला धोका आहे. औषध आहे.

पलीकडं दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

मग त्या म्हणाल्या, "रूपचंदभाऊ, मागच्या टायमाला बी हेच झालं व्हतं का?"

मी म्हणालो, ते मॅडमना विचारू वहिनी.

"मलाबी सांजच्याला कणकण येते," त्या हळूच म्हणाल्या. "मी सांगितलं न्हाई. म्हटलं, अजून कायतरी माझ्यावरच यील."

दुसऱ्या दिवशी वहिनी वॉर्डाच्या दारात उभ्या होत्या. मागं गणेश, खाली मान घालून. आण्णांशी भांडण करून निघाले होते, ते मला नंतर कळलं. वहिनींनी नवऱ्याला एवढंच म्हटलं होतं, "तुमी येत असाल तर या, न्हाईतर मी एसटीनं जाते."

रक्त तपासलं. तोच रोग निघाला. मॅडमनी पोटातल्या बाळाला चालतील अशी औषधं दिली, माझ्यापेक्षा वेगळी. वहिनींनी त्यांनाही तेच विचारलं, जे मला विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, "असू शकतं. आता खात्रीनं सांगता यायचं नाही, त्या वेळी तपासलं असतं तर कळलं असतं. पण तुझा पायगुण नव्हता, एवढं खात्रीनं सांगते." वहिनी तिथंच स्टुलावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. गणेश खिडकीकडं जाऊन उभा राहिला.

आता औषधांचं सांगतो. मला डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन अशा दोन गोळ्या होत्या, दीड महिना. रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी घाबरून संडासातून ओरडलो. घाबरू नका, ते औषधाचंच असतं. पोटात मळमळतं, ऊन सोसत नाही. आणि मुख्य म्हणजे थोड्याच दिवसांत ताप जातो आणि वाटतं आता कशाला गोळ्या. तिथंच चुकतं. गोळ्या सोडल्या की हा रोग परत डोकं वर काढतो. माझ्या शेजारी चाचा होते, रोज विचारायचे, "खाल्ली का बे?" घरी तुमच्याजवळही असा कुणी एक ठेवा.

आईला मी फोनवर काही सांगत नव्हतो. ती म्हणायची, "आवाज असा काऊन येऊन राहिला रे?" मी म्हणायचो, रेंज नाही. तिच्याकडं शेळ्या आहेत. शेवटी सगळं सांगितलं आणि म्हटलं, शेळी गाभडली तर हाताला प्लास्टिकची पिशवी तरी बांध, चुना टाकून खोल पूर, आणि हात साबणानं धू. ती आधी हसली. मग तिला रडू आलं.

बरा होऊन गावात आलो. कंबर अजून पूर्ण सुटली नव्हती, पण पाय मला आधी जनावरांच्या दवाखान्याकडं घेऊन गेले.

आमच्या गावात जनावरांचा दवाखाना आणि माणसांचं आरोग्य केंद्र शेजारी शेजारी आहेत. मधे एकच भिंत. त्या भिंतीला खाली मोठं भगदाड पडलंय, बऱ्याच वर्षांचं. त्यातून शेळ्या इकडून तिकडं जातात. कुत्री जातात. घाईला आलेली माणसंही वाकून जातात. एक खबर तेवढी जात नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, तुम्हाला माहीत होतं ना, हा माणसाला होतो?"

"मी आण्णांना सांगितलं होतं. सांसर्गिक गर्भपात."

"माणसाला होतो, असं सांगितलं होतं का?"

त्यांनी भिंतीकडं हात केला. "माणसाचं आमच्याकडं येत न्हाई. ते तिकडं."

भगदाडातून मी तिकडं गेलो. तिकडचे डॉक्टर म्हणाले, "गाई गाभडल्या हे आम्हाला कोण सांगणार? जनावराचं आमच्याकडं येत नाही." ओढ्याकाठच्या वडाचं आणि डोहाचं बोलायला ग्रामपंचायतीत गेलो. तिथं कळलं, ओढ्याचं त्यांच्याकडं येत नाही.

मग आमचं कुणाकडं येतं हो? त्या जंतूला ह्या तिन्ही कचेऱ्या ठाऊक नव्हत्या. तो वडावरून डोहात गेला, डोहातून गाईत, गाईतून पेल्यात, पेल्यातून वहिनींच्या पोटात. त्याला कुठंच कुणी अडवलं नाही, आमच्याकडं येत नाही म्हणून.

मला माहीत आहे, जनावरांच्या डॉक्टरांकडं कितीतरी गावं आहेत. हातमोजे सुद्धा पुरेसे येत नाहीत, हे ते मला नंतर चहा पिताना म्हणाले. आरोग्य केंद्रातही एका डॉक्टरच्या मागं केवढी रांग. सगळं मान्य. पण एका वाक्याला कुठं हातमोजे लागतात? गाई गाभडतायत, तापाच्या पेशंटना दूध विचारा. एवढंच भिंतीवरून ओरडायचं होतं.

मोठ्या दवाखान्यातल्या मॅडमनी शेवटी ते केलं. दोन्हीकडं स्वतः फोन लावले, परत लावले, त्यांना वैताग येईपर्यंत लावले. मग गावात रक्त तपासायला माणसं आली. आमच्या आळीतच संध्याकाळी तापणारे आणखी निघाले. एकजण मेंढरांमागं जाणारा, टायफॉइडची औषधं खाऊन थकलेला. तिन्ही गाभडलेल्या गाई आण्णांनी वेगळ्या बांधल्या. बाजारात काढायचा विचार त्यांनी एकदा बोलून दाखवला होता. वहिनी सरळ म्हणाल्या, "दुसऱ्याच्या सुनंच्या दारात बांधायच्या का मग?" परत तो विषय नाही.

वडाचं म्हणाल तर अर्धी गाठोडी उतरवून पुरली. परवा मला एक नवीन दिसलं. राग येतो. उतरवतो. पुरतो. हातमोजे घालून.

वहिनींना मुलगा झाला. दिवस पूर्ण भरून. बारशाला त्याच बाया आल्या आणि एकजण लाडानं म्हणाली, "बघ, पायगुण सुधारला गं तुझा." पाळण्याची दोरी वहिनींच्या हातात होती. ती न थांबवता त्या म्हणाल्या, "पायगुण न्हाई मावशी. गोळ्या खाल्ल्या." काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि आत जाऊन दुधाचं पातेलं चुलीवर चढवलं. आता त्या घरात दूध उतू जाईपर्यंत उकळतं आणि कुणी ओरडत नाही.

बाळाला दीड महिन्याची लस टोचायची होती. त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात कालवडींना ह्या रोगाची लस होती. वहिनी म्हणाल्या, "रूपचंदभाऊ, दावं घ्या. दोघांचं संगंच करून येऊ." पुढं त्या, काखेत बाळ. मागं मी, चांदीच्या धाकट्या बहिणीची कालवड ओढत.

आधी आरोग्य केंद्र. बाळ टोचल्यावर एवढं रडलं की कालवड बाहेर कान टवकारून उभी. मग वहिनी गेटकडं गेल्याच नाहीत. सरळ भिंतीकडं वळल्या. वाकून, बाळाचं डोकं हातानं झाकून, भगदाडातून पलीकडं गेल्या. पाठोपाठ मी आणि कालवड.

जनावरांच्या डॉक्टरांनी हातमोजे घातले होते, लस डोळ्यांत उडू नये म्हणून चष्मा लावला होता. हे मी पहिल्यांदाच बघत होतो. ते म्हणाले, "अहो ताई, हितून कावून येता? गेटनं या की."

वहिनींनी कालवड पुढं ढकलली. "गेटनं तुमची खबर यायला लई टाइम लागला साहेब. तेवढ्यात माझं एक लेकरू गेलं. ह्याचं टोचून झालंय. आता हिचं टोचा."

डॉक्टरांनी मान खाली घालून सुई भरली. पण टोचायच्या आधी ते थांबले, बाळाकडं बघितलं आणि त्यांनी विचारलं, "घरात कुणाला ताप न्हाई ना आता?"

मी कालवडीचं डोकं घट्ट धरून उभा होतो. त्या प्रश्नासाठी मी त्यांचे आभार मानले.